गॉगल लावला की 'मिक्स्ड रिॲलिटी' होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून जवळ आला की जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत 'एआर-व्हीआर-एमआर लॅब'ची पत्रकं येऊन पडतात. ऑगमेंटेड, व्हर्च्युअल आणि मिक्स्ड रिॲलिटी, ही तिन्ही नावं एकाच दावणीला बांधलेली. खोकं उघडलं की पुष्कळदा निघतो मोबाईल आत सरकवायचा प्लॅस्टिकचा गॉगल. तो गॉगल टाकाऊ नाही. २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याचा 'कार्डबोर्ड' आणला, तेव्हापासून स्वस्तात व्हीआर दाखवायची ती सोय आहे. पण तो एमआरच्या भावात घेऊ नये.

व्हर्च्युअल रिॲलिटीत भोवतालचं सगळं झाकलं जातं. पोरगं बसलंय चोपड्याच्या वर्गात, डोळ्यांपुढे अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी. ऑगमेंटेडमध्ये वर्ग दिसत राहतो आणि मोबाईलच्या पडद्यावर त्यात भर पडते. २०१६ साली पोकेमॉन गो या मोबाईल खेळाने घरोघरी नेलं ते हेच. मिक्स्डमध्ये यंत्र खोलीची जमीन, भिंती, बाकं मोजून घेतं, म्हणून आभासी वस्तू बाकावर टेकते, बाकामागे गेली की झाकली जाते आणि हाताने हलवता येते. खरं तर मिलग्राम आणि किशिनो या संशोधकांनी १९९४ च्या निबंधात 'मिक्स्ड रिॲलिटी'च्या छत्राखाली एआरही घेतलं होतं. त्यामुळे विक्रेत्याला शब्दात पकडायला गेलात तर तो निसटेल. पकडायचं ते करामतीत.

गॉगल लावून समोर आभासी केळीचा घड ठेवायला सांगा आणि एक पाऊल पुढे टाका. घड तेवढाच लांब राहिला, तुमच्यासोबत सरकला, तर यंत्राला फक्त मान वळलेली कळते, चाललेलं कळत नाही. ३६० अंशांचा व्हिडिओ बघायला एवढं पुरतं. घड जागच्या जागी राहून मोठा दिसू लागला, तर आता मध्ये लाकडी स्टूल ठेवा. स्टुलाआड घडाचा तेवढा भाग झाकला गेला तर ते एमआर. झाकला न जाता घड स्टुलावर चिकटवल्यासारखा दिसला तर साधं एआर. चाचणीला स्टीलची कळशी घेऊ नका, चकचकीत पृष्ठभागावर चांगल्या यंत्राचाही अंदाज चुकतो. नुकत्याच चुना मारलेल्या कोऱ्या भिंतीपुढेही तसंच: धरून ठेवायला कॅमेऱ्याला खूणच सापडत नाही, चित्र तरंगू लागतं. भिंतीवर दोन-चार नकाशे टांगले की भागतं. संध्याकाळी लाईट गेली तर मात्र कॅमेऱ्यावर चालणारा हेडसेट, म्हणजे डोक्याला बांधायचं यंत्र, बहुधा खोली विसरतो.

मळमळ ही सगळ्यात मोठी तक्रार. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला, की डोळा एक सांगतो आणि कानातला तोल दुसरंच. जुन्या मोबाईलवर हे हमखास होतं, आणि मोबाईलमध्ये वळणं ओळखणारा जायरोस्कोप नसेल तर चित्र मानेसोबत वळतच नाही. सुरुवात बसवून करा, ५-७ मिनिटांपुरती. दुसरी बाब बुबुळांतल्या अंतराची. मोठ्या माणसात ते सरासरी ६३ मिलिमीटर, मुलांत कमी. भिंगं सरकवता येत नसतील तर काही मुलांना अंधुक दिसून डोकं दुखणारच. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या हेडसेटवर भिंगं सरकवायची चकती आहे, ५३ ते ७५ मिलिमीटर अंतराच्या डोळ्यांसाठी. पण १० वर्षांखालच्या मुलांना हेडसेट देऊ नये, असं ती कंपनीच सांगते. म्हणजे चौथीपर्यंतच्या शाळेने हा खर्च करूच नये.

आपल्याकडचं ऊन तर विचारू नका. हेडसेट खिडकीत उपडा राहिला आणि भिंगावर ऊन पडलं, की तेच भिंग आतला पडदा जाळतं. लहानपणी भिंगाने कागद पेटवायचो, तसंच. तो डाग जात नाही, पडदाच बदलावा लागतो. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा, सॅनिटायझरने वरचा लेप जातो. तोंडाला टेकणारा फोम मात्र प्रत्येक मुलानंतर पुसायलाच हवा. पावसाळ्यात डोळे आले की एक गॉगल अख्खा वर्ग घरी बसवतो.

मुख्याध्यापकांनी आणि शाळा समित्यांनी खरेदीच्या कागदावर 'एआर-व्हीआर' एवढंच न लिहिता 'चालल्यावर वस्तू जागेवर राहावी', 'स्टुलाआड झाकली जावी', 'भिंगांतलं अंतर बदलता यावं' अशा अटी घालाव्यात. आणि नमुना विक्रेत्याच्या एसी दालनात न बघता आपल्याच वर्गात, भर दुपारी, पंख्याखाली अर्धा तास चालवून बघावा.

आपले,
आभासी तंत्रज्ञानाचे काही प्रशिक्षक, जळगाव