जुन्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले कॅबिनेटच्या आतले फोटो काल रात्री मोठे करून नीट पाहिले. फोनवर घाईत सांगितलं तर निम्मं राहून जाईल, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर: तू विचारलेलं ते जुनं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड कितीही स्वस्तात मिळत असलं तरी घेऊ नकोस.

कारण तुझ्या तिसऱ्या फोटोत आहे, एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, स्टिकरवर. मोठ्या अक्षरात ३०० वॉट छापलंय, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर आहे. म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचंही पोट मुख्यतः याच २१६ वर भरायचं. तुझा आय-फाइव्ह २४०० हा ९५ वॉटचा प्रोसेसर आणि ते कार्ड एकटंच १८५ वॉटचं. बेरीज तूच कर. त्यात त्याला आठ पिनांची वेगळी वायर लागते, ती तुझ्या एसएमपीएसला नाहीच. दुकानदार म्हणेल, दुसऱ्या वायरीला जोडणारा कन्व्हर्टर लावून देतो. ते तर मुळीच नको. मी लावला होता. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं, मग एका संध्याकाळी गेम चालू असतानाच स्क्रीन काळी झाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. कॅबिनेट उघडलं तर कन्व्हर्टरचं पांढरं कनेक्टर पिवळ्या वायरीच्या बाजूने तपकिरी होऊन पिनेला चिकटलेलं होतं. ओढलं तर पिनच बाहेर आली. मदरबोर्ड वाचला, एसएमपीएस गेला. तुझ्या मशीनमध्ये तुझ्या कामाच्या इतक्या फाइली आहेत की हा धोका मी तुला पत्करू देणार नाही.

तेव्हा अट एकच धर: वेगळी वायर न लागणारं कार्ड. मदरबोर्डचा लांब स्लॉट ७५ वॉटपर्यंत वीज देतो, तेवढ्यात भागणारं कार्ड हवं. ही अट लावली की यादी एकदम आखडते, आणि निवड सोपी होते.

जीटी १०३० स्वस्त आहे, पण एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. एकात जीडीडीआर५ मेमरी, तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्यात डीडीआर४, ती जेमतेम १७ जीबी. खोक्यावर हे बारीक अक्षरात असतं. तसंही तुला गेम खेळायचेत, तेव्हा हे सोडूनच दे.

आरएक्स ६४०० कागदावर फार छान दिसतं. २०२२ चं, ५३ वॉटचं. मलाही आधी तेच सुचवावंसं वाटलं होतं. पण ते स्लॉटच्या सोळापैकी फक्त चार लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, वापरतं. नव्या मदरबोर्डवर ते खपून जातं, कारण तिथली प्रत्येक लेन वेगवान असते. तुझा २०११ चा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस २.० (या स्लॉटची जुनी पिढी) वाला, म्हणजे लेनमागे सेकंदाला सुमारे अर्धा जीबी. चार लेनचे झाले २ जीबी. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला माल याच अरुंद वाटेने रॅममधून आणावा लागतो, आणि गेम अडखळायला लागतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओ झटपट फाइलमध्ये बदलणारा भाग) नाही. तू व्हिडिओ एडिट करतोस, तुला तो लागणारच.

म्हणून माझं मत जीटीएक्स १६५०. सोळा लेन, ४ जीबी मेमरी, ७५ वॉट, एन्कोडर आहे. फक्त काही कंपन्यांनी त्यावरही सहा पिनांचं सॉकेट दिलंय, ते मॉडेल टाळ. जीटीएक्स १०५० टीआय तुझ्या पुतण्याने सुचवलंय, तेही वाईट नाही, पण एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नेहमीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २०२५ च्या ऑक्टोबरात थांबवले. आज पैसे घालायचे तर १६५० वरच घाल.

सेकंडहँड घेणार असशील तर चालू मशीनवर लावून दाखवायला सांग आणि जीपीयू-झेड हा कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघड. जुन्याच कार्डाचं बायॉस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नव्या नावाने विकणारे आहेत. आणखी एक खूण सांगतो: १०५० टीआय किंवा १६५० म्हणून दाखवलेल्या कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर संशय घे, कारण या चिपांमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. त्यावरून आठवलं, तुझ्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे ना? मग एचडीएमआय ते व्हीजीए असा सिग्नल बदलून देणारा कन्व्हर्टर घ्यावा लागेल. नुसती पिना जुळवणारी केबल चालणार नाही.

एक शंका मला अजून आहे. इतक्या जुन्या मदरबोर्डवर नवं कार्ड लावलं की कधीकधी स्क्रीनवर काहीच येत नाही. आधी मदरबोर्डचं शेवटचं बायॉस टाकून घे, आणि कार्ड परत घेतील ना हे दुकानात विचारूनच पैसे दे.

नव्या मोठ्या गेमची आशा मात्र ठेवू नकोस. तुझ्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा नव्या सूचनांचा संच नाही, आणि काही नवे गेम त्यावाचून सुरूच होत नाहीत. पण तू दिलेली यादी पाहिली. त्यातले बहुतेक गेम २०१५ च्या आधीचे आहेत, ते फुल एचडीत मजेत चालतील. अजून हार्ड डिस्कवरच विंडोज आहे, म्हणून बजेटमधून थोडे पैसे एसएसडीसाठी बाजूला ठेव. रोजच्या वापरात तो फरक तुला कार्डापेक्षा आधी जाणवेल.

आता एवढंच कर: स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीने किती सेंटिमीटर जागा आहे ते मोज, आणि स्लॉटमागच्या पत्र्याची उंचीही. पत्रा १२ सेंटिमीटरच्या आसपास भरला तर नेहमीचं कार्ड बसेल. आठच्या आसपास असेल तर लो प्रोफाइलवालं, म्हणजे कमी उंचीचं, शोधावं लागेल. आकडे कळव, तोवर मी मॉडेल बघून ठेवतो.

तुझाच