पाऊस सीताबर्डीवरून चालत नाही

महोदय,

इंग्रजी अर्ज आणि निबंधांत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या दोन चुका हटकून दिसतात. एक पार्टिसिपल फ्रेजची, म्हणजे 'गोइंग', 'हॅविंग पास्ड' अशा क्रियापदाच्या रूपाने सुरू होणाऱ्या शब्दसमूहाची; दुसरी अर्धविरामाची. निष्काळजीपणा समजून त्यांवर लाल रेघ मारली जाते. पण दोन्ही चुका मराठीच्या पक्क्या सवयीतून येतात, हे मुलांना सांगितलेच जात नाही. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

'सीताबर्डीवरून जाताना पाऊस आला' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. जाणारे आपण, येणारा पाऊस, मराठीला चालते. 'गोइंग थ्रू सीताबर्डी, द रेन केम' लिहिले की मात्र पाऊसच सीताबर्डीवरून चालू लागतो. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीची अशी फ्रेज मुख्य वाक्याच्या कर्त्याला चिकटते. म्हणून 'व्हाइल आय वॉज गोइंग थ्रू सीताबर्डी, इट स्टार्टेड टू रेन' असा कर्ता उघड लिहावा. 'बातमी वाचून मला आनंद झाला' ही रचना आणखी फसवी, कारण व्याकरणाने कर्ता 'आनंद' आणि वाचणारा 'मला'मध्ये दडलेला.

नोकरीच्या अर्जातले नेहमीचे वाक्य घ्या: 'हॅविंग पास्ड बी.कॉम. इन 2023, माय मार्कशीट इज अटॅच्ड.' इथे मार्कशीट बी.कॉम. झाली! फ्रेज वाचून 'कोण?' असे विचारावे. उत्तर स्वल्पविरामानंतर लगेच मिळायला हवे. 'आय हॅव अटॅच्ड माय मार्कशीट' लिहिले की मिळते. नाहीतर फ्रेजच मोडावी: 'आय पास्ड बी.कॉम. इन 2023; माय मार्कशीट इज अटॅच्ड.' 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग' हे शब्द आता शब्दयोगी अव्ययांसारखे वापरतात, त्यांना ही अट नाही. 'बीइंग अ हॉलिडे, द बँक वॉज क्लोज्ड' मात्र चूकच; आधी 'इट' हवे.

अर्धविरामाची कसोटी सोपी आहे. एक बाजू हाताने झाकावी, उरलेली पूर्ण वाक्य म्हणून उभी राहते का पाहावे, मग दुसरी. 'बस उशिरा आली, गाडी चुकली' मराठीत खपते. 'द बस वॉज लेट, वी मिस्ड द ट्रेन' इंग्रजीत खपत नाही. तिथे अर्धविराम, पूर्णविराम किंवा स्वल्पविरामासह 'सो' हवे. 'हाउएव्हर', 'देअरफोर' दोन वाक्यांच्या मध्ये आले, तर आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम.

नियम कळल्यावर उलटी चूक सुरू होते: 'द ट्रेन वॉज लेट; रीचिंग नागपूर आफ्टर मिडनाइट.' 'रीचिंग'पासूनचा भाग एकटा उभा राहत नाही, म्हणून तिथे स्वल्पविरामच. 'बिकॉज'ने सुरू होणाऱ्या अर्ध्या वाक्यानंतरही तसेच. कसोटीला अपवाद यादीचा: 'नागपूर, महाराष्ट्र; रायपूर, छत्तीसगड; भोपाळ, मध्य प्रदेश' इथे स्वल्पविराम आत खर्ची पडल्याने नोंदी अर्धविरामाने तोडतात.

शिक्षकांनी मराठी आणि इंग्रजी वाक्य फळ्यावर शेजारी लिहून दोन्हींतले कर्ते अधोरेखित करून घ्यावेत, ही कळकळीची विनंती. आपल्या विद्यार्थी पानावरही अशा वाक्यजोड्या नियमित छापाव्यात.

— एक इंग्रजी शिक्षक, धरमपेठ, नागपूर