शेणींच्या ढिगातली घोणस

वडणगे, ता. करवीर, जि. कोल्हापूर
१८ ऑगस्ट

प्रिय सुन्या,

परवा परड्यात घोणस निघाल्याचं सांगितलं, तर "मारून का टाकली नाहीस लेका?" म्हणून ओरडलास आणि फोन ठेवलास. राग नाही आला. पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, हे शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून लिहितोय. आता निवांत वाच.

त्या दिवशी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेलं होतं. नदीकाठचा ऊस कमरेएवढ्या पाण्यात. नदी पात्राबाहेर पडली की शिवारातले उंदीर गावाकडं सरकतात आणि त्यांच्या मागनं जनावर, हे तुला सांगायला नको. दिवेलागणीला आई परड्यात बंब पेटवायला गेली. शेणींच्या ढिगात हात घालणार, तोच आतनं आवाज आला. तिनं मला हाक मारली, "सायकलीची हवा कोण सोडतंय बघ रं." सायकल आपल्या घरात दहा वर्षांत नाही.

मोबाईलच्या उजेडात आधी दिसली ती नुसती नक्षी. मळकट तपकिरी अंग, त्यावर काळ्या कडांचे लांबट ठिपके, तीन रांगांत, साखळीच्या कड्यांसारखे. मग तिकोनी डोकं. शेणीच्या रंगात अशी मिसळली होती की गप्प बसली असती तर आईनं शेणीबरोबर उचललीच असती. प्रत्येक फुसकाऱ्याआधी अंग फुगायचं, मग आवाज सुटायचा, लांबलचक, कुकरची वाफ सुटल्यासारखा. पळून जायची घाई तिला अजिबात नव्हती.

पाच मिनिटांत परडं भरलं. आमचे शेजारचे अण्णा म्हणाले, "अजगराचं पिल्लू हाय, गरीब असतंय. शेपटाला धरून टाकतो भाईर." आणि खरंच बाह्या सारून पुढं निघाले. मी त्यांचा दंड धरला. अजगराचे पट्टे वेडेवाकडे, फाटक्या नकाशासारखे असतात. हिचे रांगेत लावल्यासारखे. या एका गैरसमजानं किती जण घोणस हातात घेत असतील कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी मला घोणशीपेक्षा अण्णांची भीती जास्त वाटली.

आता तुझा प्रश्न. हो, खोरं उचललं होतं मी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे, मारणं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. पण खोरं उचलताना कायदा नाही आठवला, तात्या आठवले. तुला ती रात्र आठवत असेल, कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्याच्या व्हरांड्यात तूही होतास. डॉक्टरांनी तात्यांचं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं होतं. नंतर नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं सरकलं, गोठलंच नव्हतं. हिरड्यांतनं रक्त, पाय मांडीपर्यंत सुजलेला, पुढं मूत्रपिंडासाठी डायलिसिस. प्रतिविषाच्या बाटल्यांवर बाटल्या लागल्या तेव्हा माणूस हाताला लागला. हे सगळं एका घोणशीनं केलं, मग दुसरी दिसल्यावर माझा हात खोऱ्याकडं जाणार नाही तर काय!

तेवढ्यात तात्या माझ्या मागं येऊन उभे राहिले. खोऱ्याच्या दांड्याला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाले, "ठेव ते. मीबी मारायलाच गेलतो."

सुन्या, इतकी वर्षं आपण काय ऐकत आलो? अंधारात बांधावर पाय पडला आणि चावली. तसं काही झालंच नव्हतं. ती पाचटात पडून होती, निघून जायला रान मोकळं होतं, आणि हे विळा घेऊन वाकले. विळ्याएवढ्या अंतरावर गेले म्हणून तिला घोटा सापडला. "मारायला जवळ जावं लागतंय," एवढंच बोलले आणि जाऊन कट्ट्यावर बसले. मी खोरं भिंतीला टेकवलं.

वनखात्याच्या १९२६ वर फोन केला. सर्पमित्र यायला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास काही न करता उभं राहणं मला फार जड गेलं. पोरं घरात कोंडली, कुत्रं बांधलं, दहा-बारा फुटांवरनं उजेड तिच्यावर धरून ठेवला. नजरेआड झाली तर रात्रभर झोप नाही. लोक सारखं सुचवत होते: रॉकेल टाक, धूर कर, पाणी मार. अण्णांचं अजगरपुराण चालूच.

पोरगं आलं ते पंचविशीतलं, गॅरेजमध्ये काम करणारं. मला वाटलं आता हातानं धरून दाखवणार, व्हिडिओ काढून घेणार. त्यानं हातसुद्धा लावला नाही. प्लास्टिकच्या पाईपच्या एका टोकाला कापडी पिशवी बांधली, दुसरं तोंड तिच्यापुढं ठेवलं आणि आकड्यानं मागनं हलकेच सरकवलं. अंधारं भोक बघून बाई आपणहून आत शिरल्या! सगळं दोन मिनिटांत. नोंद वनखात्याकडं करतो म्हणाला, पेट्रोलपुरते पैसे घेतले. आईनं पिशवीला लांबनंच हळदकुंकू वाहिलं. "काकू, नाग न्हवं ही, घोणस हाय," तो हसला. आई म्हणाली, "असू दे. आली तशी जाऊ दे."

पिल्लांचं विचारत होतास. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, तीही वीस-वीस, चाळीस-चाळीस. म्हणून दुसऱ्या दिवशी लांब काठीनं अख्खा ढीग उतरवला. पिल्लू एकही नाही, उंदरांची बिळं मात्र चार. ती बुजवली. शेणी आता जमिनीपासून दोन हात उंच फळीवर. तेव्हा गणपतीला पोरांना घेऊन बिनघोर ये. रात्री परड्यात जाताना पायात बूट, हातात बॅटरी, एवढं पाळायला लाव. आणि देव न करो, कुणाला चावलंच तर करकचून बांधणं, चिरणं, देवळात नेणं यातलं काही नको. अंगठी-जोडवी काढायची, पाय न हलवता गाडीत घालायचं आणि थेट सीपीआर.

येताना तात्यांसाठी चांगली बॅटरी आण, इथल्या महिन्यात मरतात. आणि काकीसमोर विळ्याचं काही बोलू नकोस. तिला अजून बांधावर पाय पडला असंच माहीत आहे.

तुझा,
बाळ्या