दुर्गम भागातील भत्त्याची मर्यादा

महोदय,

धडगाव, भामरागड किंवा मेळघाटातील आरोग्य केंद्रांत डॉक्टर टिकत नाहीत, अशी ओरड दर पावसाळ्यात होते. मात्र आदिवासी व नक्षलग्रस्त भागासाठी 2002 साली मूळ वेतनाच्या 15 टक्के प्रोत्साहन भत्ता मंजूर करतानाच शासनाने त्याला 1,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, याची आठवण कोणी काढत नाही. एवढ्या रकमेत मुलाला शिक्षणासाठी बाहेरगावी ठेवण्याचा महिन्याचा खर्चही निघत नाही. शिक्षणानंतर सरकारी सेवा करण्याच्या बंधपत्रापायी आलेला तरुण डॉक्टर तर वर्ष भरताच (कित्येकदा त्याआधीच) बदलीची खटपट सुरू करतो. भत्ता मर्यादेविना, सेवेच्या वर्षांगणिक वाढता आणि कंत्राटी परिचारिकांनाही लागू असावा. शिवाय पावसात न गळणारे निवासस्थान मिळावे.

— एक निवृत्त आरोग्य सहायक, नंदुरबार