आयटी सपोर्टमधल्या ताईंचे जाहीर आभार

ताई,

संगणकातली एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, सेफ आहे का, असं विचारलं की बहुतेकांकडे दोनच उत्तरं असतात: ‘काही होत नाही हो’ किंवा ‘उडवून टाका’. तुम्ही दोन्ही दिली नाहीत, म्हणून हे पत्र.

मी विचारलेलं, टास्क मॅनेजरमध्ये म्हणजे विंडोजच्या चालू प्रोग्रामच्या यादीत दिसणारं आरएव्हीबीजी६४.ईएक्सई हे रिअलटेकच्या साउंड ड्रायव्हरसोबत येणारं प्रकरण आहे, हे तुम्हाला बघताक्षणी कळलं असणार. तरी म्हणालात, “नाव कुणीही काहीही ठेवतं. राहते कुठे ते बघा.” राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबलं, तर फाइल प्रोग्राम फाइल्समधल्या रिअलटेकच्याच फोल्डरमध्ये निघाली. टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये सापडली असती तर संशयाला जागा होती. मग प्रॉपर्टीजमधला ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब. सही रिअलटेकची, आणि डिटेल्समध्ये ती वैध असल्याचा शेरा. फाइलमधल्या कोडला कुणी हात लावला की ही सही जुळत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तो टॅब कशासाठी असतो ते कळलं.

यादीत शेजारीच दिसणाऱ्या ऑडिओडीजी या प्रोसेसचंही तुम्ही ओघात उरकलंत. ती विंडोजचीच, मुक्काम सिस्टम३२ या विंडोजच्या फोल्डरमध्ये. आवाजावरचे इफेक्ट तिथे वेगळे चालवतात, म्हणजे एखादा कोसळला तरी मुख्य ऑडिओ सर्व्हिस पडत नाही.

पण खरे आभार त्यापुढच्या बोलण्याचे. सगळं ठीक दिसत असताना तुम्ही २०१७ सालचा किस्सा काढलात. एचपीच्या काही लॅपटॉपवर कोनेक्सँट या कंपनीच्या ऑडिओ ड्रायव्हरमधली मिकट्रे नावाची प्रोसेस दाबलेली प्रत्येक कळ एका लॉग फाइलमध्ये उतरवत होती. म्हणजे पासवर्डसुद्धा! तो काही व्हायरस नव्हता; माइकचं बटण ओळखायला लिहिलेला कोड, आणि ड्रायव्हर अस्सल कंपनीचा. नंतर अपडेट देऊन ते बंद केलं गेलं. अस्सल आणि निर्धोक यांत फरक असतो हे घाबरवण्यासाठी नव्हे, तर ड्रायव्हरचे अपडेट टाळू नयेत म्हणून तुम्ही सांगितलंत. धीर देऊन मोकळं होणं सोपं होतं, आणि मला तेवढ्यानेही बरं वाटलं असतं.

रिअलटेकची प्रोसेस चालूच ठेवली आहे. स्टार्टअपमधून, म्हणजे संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्राममधून काढली तरी साधा आवाज येत राहील, हेडफोन जोडल्यावर उघडणारी खिडकी तेवढी जाईल, असं तुम्ही म्हणाला होतात. मला ती खिडकी लागते.

मनापासून धन्यवाद.