किल्ला नेमका कधी पडला, हे विचारणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

हे तुला व्हॉट्सॲपवर पण लिहिता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ड्वार्फ फोर्ट्रेस सुरू करून पहिला किल्ला पडला की गेमच काढून टाकणारे खूप जण मला माहितीयेत आणि तू होस्टेलवर पलीकडच्या खोलीत राहत नसतीस तर मीही त्यातलीच एक झाले असते.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांनी २००२ मध्ये हा कॉम्प्युटर गेम बनवायला घेतला, २००६ मध्ये लोकांना फुकट खेळायला दिला, आणि काम अजून चालूच आहे. सात बुटके, एक गाडी, थोडं सामान आणि समोर डोंगर, एवढ्यावर सुरुवात होते. डोंगर पोखरून राहायची सोय करायची, शेती करायची, दारू गाळायची, गॉब्लिन, म्हणजे हल्ला करणारे शत्रू, आले तर लढायचं, आणि यात जिंकलो असं कुठेच येत नाही, किल्ला चालतो तोवर चालतो. हरण्यातच मजा आहे हे या गेमचं ब्रीदवाक्यच आहे. मला चित्रांचा गेम मिळाला, डिसेंबर २०२२ मध्ये स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, आला तो. तू तर त्याच्या आधीपासूनची, जेव्हा बुटका म्हणजे स्क्रीनवर एक छोटा हसरा चेहरा आणि कुत्रा म्हणजे नुसतं डी हे अक्षर असायचं, आणि तू त्यातूनही घर, पाऊस, भांडण सगळं बघायचीस. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी जे पहिले १४ गेम घेतले त्यात हा होता, हे तूच सांगितलंस, आणि सांगताना तुझा चेहरा असा होता जणू घरातल्याच कोणाचं कौतुक झालंय.

माझा पहिला किल्ला. तुला आठवतंय ना? मी नदीपासून एक बोगदा खणला, तो खाली चार-पाच मजले नेला, खाली मोठं टाकं केलं आणि त्याच्या वर जेवणाच्या हॉलमध्ये विहीर बांधली. मला इतका आनंद झाला होता की मी तुला हाक मारून दाखवायला बोलावलं. तू आलीस, बघितलंस, आणि गप्प बसलीस. मग मी नदीकडचा शेवटचा दगड खणायला लावला, टाकं भरलं, आणि पाणी तिथे थांबलंच नाही, विहिरीतून वर हॉलमध्ये यायला लागलं, कारण हॉल नदीच्या पातळीच्या खाली होता आणि दाबाखाली असलेलं पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत चढतंच. या गेममध्ये पाण्याची खोली १ ते ७ अशी मोजतात, ७ म्हणजे छतापर्यंत. हॉलमध्ये ३ झालं, ५ झालं, ७ झालं, मग जिन्यावरून खाली झोपायच्या खोल्यांत. तेवीस बुटके होते. दोघं बाहेर लाकडं तोडत होते तेवढेच वाचले.

मी तुझ्यावर चिडले होते. तुला दिसलं होतं तर बोलली का नाहीस? तू म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू झडप बसवली असतीस, पण कशासाठी बसवतेय ते तुला कळलं नसतं." मग खुर्ची ओढून बसलीस, कागदावर नदी, बोगदा, टाकं, हॉल काढायला लावलंस आणि विचारलंस, हा किल्ला नेमका कधी पडला? मी म्हटलं पाणी आलं तेव्हा. तू म्हणालीस नाही, अजून मागे जा. मागे जात जात मी विहिरीची जागा ठरवली त्या दिवसापर्यंत पोचले. मग तू दाखवलंस की या गेममध्ये बोगद्यात एका ठिकाणी पाण्याला तिरक्या कोपऱ्यातून जायला लावलं की दाब तिथेच संपतो, आणि नदीच्या तोंडाशी झडप बसवून तिचा लीव्हर कोरड्या जागी ठेवायचा. तू ट्रेकला जाणारी, तुझं म्हणणं असायचं गडावर पोचलं की आधी पाण्याची टाकी बघायची, कुठून भरतात, जास्तीचं पाणी कुठून जातं. त्या दिवसानंतर मीही कुठल्याही गडावर गेले की आधी तेच बघते, खरंच.

तो प्रश्न मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला म्हणून त्याबद्दल अजून थोडं लिहायचंय.

दुसरा किल्ला थंड प्रदेशात होता. हिवाळ्यात नदी गोठली, दारू संपली, आणि एकेक जण तहानेने मरायला लागला. मला वाटलं थंडीने मारलं. तू परत तेच विचारलंस, कधी पडला? आपण दोघींनी मिळून मागे शोधलं. हेमॅटाइटमध्ये, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्याच्या पहिल्या महिन्यात, खाणं कमी पडतंय असं वाटून मी प्लम्प हेल्मेट शिजवायची परवानगी दिली होती. ते जमिनीखाली उगवणारं जांभळं मश्रूम, त्याचीच वाइन होते. ते कच्चं खाल्लं किंवा त्याची वाइन केली तर बी परत मिळतं, शिजवलं तर बी नष्ट होतं. मी सगळं शिजवलं, पेरायला काही उरलं नाही, पेरलं नाही म्हणून वाइन नाही, आणि नदी गोठली तेव्हा प्यायला काहीच नव्हतं. शरद ऋतूत आपल्याच लोकांचा तांडा आला होता, त्यांच्याकडून बी किंवा दारूचे पिंप घेता आले असते, पण मी व्यापाराचा डेपोच बांधला नव्हता. म्हणजे किल्ला जूनमध्ये पडला, वाचवायची संधी सप्टेंबरमध्ये होती, आणि मला कळलं डिसेंबरमध्ये (महिने आपले धरलेत, समजायला सोपं म्हणून, त्यांचा महिना २८ दिवसांचा असतो). हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. तू उठून दोघींसाठी चहा करून आणलास.

नव्याने खेळणाऱ्यांनी हे एक तरी धरावं असं मला मनापासून वाटतं. हरल्यावर लगेच नवीन किल्ला सुरू करू नका, आधी मागे जाऊन तारीख शोधा. मी त्यासाठी एक वही केली, तीही तूच आणून दिलीस, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. डावीकडे किल्ला पडला ती तारीख, उजवीकडे खरी तारीख.

तिसरा किल्ला गॉब्लिननी घेतला. पूल उचलायचा लीव्हर मी एका लांबच्या कोपऱ्यात ठेवला होता, सगळे झोपलेले किंवा दगड वाहत होते, ओढायला कोणी पोचलंच नाही. आता लीव्हर जेवणाच्या हॉलमध्ये असतो, तिथे कोणी ना कोणी रिकामं बसलेलं असतंच.

चौथ्याबद्दल जास्त लिहवत नाही. एका बुटक्याला अचानक काहीतरी बनवायची धुंदी चढली, त्याने वर्कशॉप ताब्यात घेतलं आणि रेशमी कापड मागत राहिला, माझ्याकडे नव्हतं, तो वेडा झाला आणि गेला. त्याच्या बायकोचं दुःख, मग तिच्या मैत्रिणीचं, मग मारामाऱ्या. मी रडले होते आणि तू हसली नाहीस. गेमच तर आहे असं म्हणणारे खूप भेटले, तू म्हणाली नाहीस. तू फक्त सांगितलंस की आधी त्याच्या नावाचा दगड कोरून लाव, नाहीतर तो भूत होऊन फिरेल. तो लावला. किल्ला तरीही गेला, पण तो दगड लावला ते बरं केलं.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी किल्ला पडला की मला नवीन जग तयार करायचं असायचं, सगळं पुसून स्वच्छ सुरुवात करावी असं वाटायचं. तू दर वेळी अडवलंस. जग तेच ठेव, लोकं तीच ठेव, फक्त जागा बदल. का ते तू सांगितलं नाहीस आणि मला तो तुझा हट्टच वाटला होता. मग परीक्षा झाली, तुला बंगळुरूला नोकरी लागली, तू खोली सोडलीस, आणि पाचवा किल्ला मी एकटीने सुरू केला, त्याच जगात.

तो चालू आहे, ताई. गेममधलं अकरावं वर्ष. तिरका कोपरा आहे, झडप आहे, डेपो आहे, मश्रूम शिजवायला बंदी आहे, वाइन चारशेच्या वर आहे. मागच्या आठवड्यात जेवणाचा हॉल गुळगुळीत करून भिंती कोरायला एकाला लावलं. ही लोकं आपल्या इतिहासातले प्रसंग कोरतात हे मला वाचून माहीत होतं. सहज एका भिंतीवर क्लिक केलं तर सात बुटक्यांचं चित्र होतं, आणि खाली लिहिलं होतं की हे चित्र अमुक किल्ल्याच्या स्थापनेचं आहे. नाव माझ्या पहिल्या किल्ल्याचं होतं. तोच, पाण्यात गेलेला. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या डोंगरात, ज्याने तो कधी बघितलाही नाही अशा कोणीतरी तो लक्षात ठेवून दगडात कोरला.

नवीन जग केलं असतं तर ती भिंत कोरी राहिली असती. तुला हे तेव्हापासून माहीत होतं ना?

थँक यू ताई. गप्प बसल्याबद्दल, चहाबद्दल, वहीबद्दल, आणि जग पुसू न दिल्याबद्दल.

सेव्ह फाइल मेलवर पाठवलीये. उघडलीस की जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जा, हॉलची उत्तरेकडची भिंत, विहिरीच्या मागे.

तुझी,
पलीकडच्या खोलीतली