पोलिसांविरुद्धचे दावे मुदतीतच बुडतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलिसांनी मारहाण केली किंवा विनाकारण डांबून ठेवले, अशी बातमी आली की तिचा शेवट ठरलेला असतो: ‘चौकशी सुरू आहे’. ही चौकशी संपेपर्यंत थांबणे तक्रारदाराला सर्वांत महागात पडते. प्राथमिक चौकशी, कसुरी अहवाल (कोणाची काय चूक झाली याचा), मग विभागीय चौकशी हा सगळा प्रवास मुंबई पोलीस (शिक्षा व अपील) नियम, 1956 प्रमाणे होतो. तो मालक आणि नोकर यांच्यातला मामला आहे. तक्रारदार त्यात फक्त साक्षीदार असतो. सक्त ताकीद मिळाली किंवा वेतनवाढ रोखली तरी नुकसानभरपाईचा एक रुपया त्याच्या हाती पडत नाही. आणि ही चौकशी चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही.

ती मुदत फार थोडी आहे. बेकायदा अटकाव किंवा खोटा खटला याबद्दल भरपाई मागायला मुदत कायदा 1963 एक वर्ष देतो. अटकावात सुटकेच्या दिवसापासून, खोट्या खटल्यात निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला संपल्यापासून. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम 161 त्याहून कडक आहे: कर्तव्याच्या आडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा कृत्यानंतर सहा महिन्यांत दाखल झाला नाही, तर तो फेटाळला जातो. संशयितांना कोंडून मारहाण करणे हे कर्तव्याच्या आडून केलेले कृत्यच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे. तरी आपले प्रकरण कलमाच्या आत की बाहेर हे ठरते दाव्यात, आणि ते ठरायला वर्षे जातात. म्हणून सहा महिनेच धरून चालावे.

त्यातले दोन महिने नोटिशीत जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली शासनाला आणि अधिकाऱ्याला दोन महिन्यांची नोटीस लागते. कलम 161 खाली ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही किमान एक महिन्याची लागते. थोडक्यात, घटनेनंतरचा चौथा महिना संपायच्या आत नोटीस पोचलीच पाहिजे. नोटिशीत वादीचे नाव, वर्णन, पत्ता, काय घडले आणि काय मागणी आहे, एवढे सगळे हवे. शासनाची नोटीस सचिव किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. ती फक्त पोलीस अधीक्षकांना पाठवून मोकळे होणारे कमी नाहीत, आणि सरकारी वकील पहिला आक्षेप तिथेच घेतात. दाव्यात ‘अमुक पोलीस ठाणे’ असा प्रतिवादी लावणे ही दुसरी चूक. ठाण्यावर दावा होत नाही. महाराष्ट्र राज्य आणि तो अधिकारी नावानिशी, असे प्रतिवादी हवेत. नाव कळले नाही तर निदान गणवेशावरचा बक्कल नंबर टिपून ठेवावा. आणखी एक गैरसमज म्हणजे सरकारची मंजुरी लागते. ती फौजदारी खटल्यातली अट आहे. भरपाईच्या दाव्याला लागते ती नोटीस.

पुरावा मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच जमतो किंवा जातो. अटकेनंतर दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केल्यावर ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे विचारतात. बाहेर तेच पोलीस उभे असल्यामुळे आरोपी मान हलवतो आणि ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. पुढे दाव्यात उलटतपासणीला हीच ओळ पुरते. तक्रार असेल तर तिथेच सांगावी, जखमा दाखवाव्यात आणि वैद्यकीय तपासणी मागावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 प्रमाणे तपासणीच्या अहवालाची प्रत मागण्याचा हक्क आहे. अटक न करताच सोडले असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर) नोंद करून घ्यावी.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचेही तसेच. 2 डिसेंबर 2020 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने चित्रण 18 महिने आणि साठवण कमी पडत असेल तरी किमान एक वर्ष जपायला सांगितले आहे. हा आदेश आहे म्हणून चित्रण जपले जाईल, या भरवशावर कोणी राहू नये. आठवड्याच्या आत, तारीख, वेळ आणि ठाण्यातली जागा लिहून, चित्रण जतन करण्याचा अर्ज द्यावा आणि आवक शिक्क्याची प्रत घ्यावी.

तक्रारीसाठी दुसरी एक खिडकी आहे, पण ती फारशा लोकांना माहीत नाही. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह प्रकरणात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरण सांगितले होते. महाराष्ट्राने 2014 च्या दुरुस्तीत जिल्ह्याऐवजी अनेक जिल्ह्यांचा मिळून विभाग केला. किनवट किंवा देगलूरच्या माणसाने विभागापर्यंत पायपीट करायची, ही सोय कोणाची हे वेगळे सांगायला नको. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, नियमबाह्य अटक, खंडणी, भ्रष्टाचार, जमीन-घर बळकावणे, हे सगळे तिथे नेता येते. शपथपत्र जोडावे. तिथून शिस्तभंगाची किंवा गुन्हा नोंदवण्याची शिफारस होऊ शकते, मात्र तेवढ्यावर दिवाणी दावा सोडू नये. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल तर वर्ष उलटायच्या आत जावे.

प्रकरण उघड असेल, कागदावरच दिसत असेल, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली भरपाई मागता येते. हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या निलाबती बेहेरा (1993) आणि डी. के. बसू (1996) या निकालांनी पक्का केला. तरी तो सोपा नाही. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत अटक झालेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तिथे पोलिसांवर गुन्हा नोंदवायला जुलै 2025 मध्ये खंडपीठाचा आदेश लागला, आणि राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे आदेश कायम राहिला.

आमची मागणी साधी आहे. छत्रपती संभाजीनगरचे पोलीस आयुक्त आणि इतर जिल्ह्यांचे पोलीस अधीक्षक यांनी प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी फलकावर विभागीय प्राधिकरणाचा पत्ता, मानवी हक्क आयोगाचा पत्ता आणि सहा महिने व एक वर्ष या दोन मुदती मराठीत लावाव्यात. फलक ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे नको, दाराबाहेर हवा.

आपले,
दिवाणी न्यायालयात काम करणारे काही वकील, नांदेड